तळ्यातल्या चेंडूंचा पंचनामा

शनिवारी सकाळी सात वाजता गोल्फच्या मैदानावर, तळ्याच्या काठाला, एक भली मोठी ताडपत्री अंथरलेली होती आणि तिच्यावर तीनशेच्या वर चेंडू वाळत पडले होते. तळं गाळाने भरलं म्हणून मुकादमाने ते आठवडाभर उपसून घेतलं होतं. मैदानाचं गवत, झाडं, वाळूचे खड्डे, पाणी, सगळं या मुकादमाच्या ताब्यात. त्याने गाळातले चेंडू धुऊन काढले आणि पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं: ज्याचे त्याने ओळखून न्यावेत. मंडळी हसत-खिदळत आपापली जुनी पापं वेचत होती.

काटेसाहेब तिकडे गेले ते नुसते बघायला. वेचण्यासारखं त्यांचं तिथे काही असणं शक्यच नव्हतं. गेल्या दोन वर्षांत त्यांचा एकही चेंडू पाण्यात गेला नव्हता. हे मैदानावर प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण काटेसाहेबांनी ते प्रत्येकाला निदान दोनदा सांगितलेलं होतं.

त्यांनी सहज एक चेंडू उचलून डोळ्यांजवळ नेला. कंपनीच्या नावाखाली तीन हिरवे ठिपके. दुसरा उचलला, त्याच्यावरही तीन हिरवे ठिपके. पाचवा चेंडू हातात आला तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही त्यांची खूण होती. गोल्फमध्ये सगळ्यांचे चेंडू पांढरे आणि सारखेच, म्हणून जो तो आपल्या चेंडूवर काहीतरी खूण करतो. पक्क्या शाईचे तीन हिरवे ठिपके, एका रेषेत, सारख्या अंतरावर, ही खूण सबंध मैदानावर एकट्या काटेसाहेबांची होती.

काटेसाहेब हे नाव त्यांना बाजाराने दिलेलं. चौतीस वर्षं ते वजनमापांचे निरीक्षक होते. दुकानातला काटा उचलायचा, वजनं तपासायची, खरी असतील तर शिक्का, खोटी असतील तर जप्ती. त्यांना यायला दोन गल्ल्या बाकी असायच्या आणि इकडे दुकानदारांना घाम फुटायचा. सख्ख्या मामाच्या दुकानातलं पाच किलोचं वजन त्यांनी जप्त केलं होतं, तेही मामी पाण्याचा पेला घेऊन समोर उभी असताना. खोट्या शिक्क्याचा माणूस त्यांच्या हिशेबी खुन्यापेक्षा वाईट. खुनी एकदाच एकाला मारतो, पण खोटं वजन सगळ्या गल्लीला रोज थोडं थोडं मारतं, असं ते म्हणत, आणि समोरच्याने मान डोलावली तरी पुन्हा एकदा म्हणत.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. कारणाशिवाय चालणं काटेसाहेबांना अपमानास्पद वाटे, म्हणून त्यांनी गोल्फ धरला. मैदान निवडतानाही चौकशी रीतसर झाली. पहिल्या मैदानावर होलपर्यंतच्या, म्हणजे चेंडू घालायच्या भोकापर्यंतच्या, अंतराची पाटी होती दीडशे मीटरची. यांनी टेप लावला तर एकशे त्रेचाळीस भरले. तिथला सेक्रेटरी हसला, म्हणून यांनी भरलेला फॉर्म त्याच्या हातातून परत घेतला. दुसऱ्या मैदानावर अंतरं बरोबर होती, पण मंडळी एकमेकांना होलपासून हातभर अंतरावरचा चेंडू 'धर गेला आत' म्हणून सोडून द्यायची. लागणारा फटका मारायचाही नाही आणि मोजायचाही नाही, म्हणजे मापात पापच की. तिसरं हे. जुन्या वीटभट्ट्यांच्या जागेवरचं, नऊच होल असलेलं, गवताला जागोजाग टक्कल पडलेलं. पण टेप लावला तर चार बोटांचाही फरक नाही. काटेसाहेबांनी तिथल्या तिथे वर्गणी भरली.

गोल्फमध्ये हँडिकॅप नावाचा एक आकडा असतो. पट्टीच्या खेळाडूपेक्षा तुम्ही किती फटके जास्त घेता, ते तो आकडा सांगतो. जितका कमी तितके तुम्ही शहाणे. काटेसाहेबांचा आकडा दोन वर्षांपूर्वी चोवीस होता आणि आता सतरा होता. सात फटक्यांची ही कमाई त्यांनी कशी केली, हे ऐकायला लोक त्यांच्याकडे येत. न येणाऱ्यांकडे ते स्वतः जात. त्यांनी काठीवरची पकड बदलली होती. घराच्या बोळकंडीत सतरंजीवर आडवा पेला ठेवून ते रोज संध्याकाळी दोनशे वेळा चेंडू त्यात घालत. प्रत्येक फेरीची वही होती. साठीनंतर माणसाचं सगळं उताराला लागतं, गुडघे, झोप, दात, मुलांचे फोन. आपला खेळ तेवढा चढणीला लागलाय, हे काटेसाहेबांना रात्री पडल्या पडल्या आठवायचं आणि त्यांना शांत झोप लागायची. त्यांच्यापाशी तेवढंच एक वाढतं उरलं होतं.

आणि आता कोणीतरी त्यांची खूण वापरून तळ्यात चेंडू बुडवत होतं.

त्यांच्याबरोबर दर शनिवारी खेळणारे दोघं तिथेच होते. एक त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ; त्याचा छापखाना होता, आणि पाय असे की फटका मारून काटेसाहेब काठी पिशवीत घालेपर्यंत हा चेंडूपाशी पोचलेला असायचा. दुसऱ्या म्हणजे एक डॉक्टरीणबाई, दातांच्या. खेळात एकाचे फटके दुसऱ्याने लिहायचे आणि शेवटी दोघांनी सही करायची असा नियम असतो. काटेसाहेबांचं कार्ड या बाई लिहीत. मेहुणा ताडपत्रीकडे बघून म्हणाला की भावोजी, राहू द्या, ऊन चढायच्या आत सुरुवात करू. मुकादम भाबडेपणाने म्हणाला की साहेब, तुमचेच असतील, विसरला असाल. त्याबद्दल मुकादमाला जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काटेसाहेबांनी पिशवीतून भिंग काढलं. नोकरीतलं भिंग, दहा पट मोठं दाखवणारं. वजनावरचा शिक्का तपासायला ते वापरत. उन्हात मांडी घालून बसले आणि त्यांनी आपल्या खुणेचे सगळे चेंडू वेगळे काढले. एकेचाळीस भरले. मग एकेक भिंगाखाली घेतला, आणि चेंडूंच्या दोन जाती निघाल्या. सव्वीस चेंडूंवर ठिपके कसे हवेत तसे होते: गोल, एका रेषेत, मोजून सारख्या अंतरावर. उरलेल्या पंधरांवर नुसता गोंधळ. एक ठिपका वर, एक खाली, तिसरा दुसऱ्याच्या अंगावर चढलेला, शाई पसरलेली.

काटेसाहेबांच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांनी कामाचं समाधान दिसलं. निकाल उघड होता. सरळ ते खरे, वाकडे ते बनावट. खरे सव्वीस कोणीतरी त्यांच्या पिशवीतून लांबवले असणार, आणि ते संपल्यावर चोराने स्वतःच्या चेंडूंवर घाईघाईत ठिपके मारले असणार. त्यांनी स्वतःची पिशवी उलटी केली. आत बारा चेंडू होते आणि त्यातले पाच वाकडे. म्हणजे चोराने पिशवीत हात घालून अदलाबदलही केली होती.

"आज खेळ नाही," ते म्हणाले. "आज प्रत्येकाची पिशवी तपासली जाईल."

डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या की काटेसाहेब, हे इथे नको, घरी जा, चहा घ्या, मग बघू. पण निरीक्षक जागा झाला होता. त्यांनी अकरा सभासदांच्या पिशव्या उघडायला लावल्या. एका वकिलाने हरकत घेतली, तर त्याला सांगितलं की हरकत घेणाऱ्याच्या काट्यातच खोट असते, हा माझा चौतीस वर्षांचा अनुभव आहे. दोघातिघांनी तोंड फिरवलं, एकाने सेक्रेटरीला बोलावून आणलं. काटेसाहेब ढिम्म. शेवटी, आपण नातंगोतं बघत नाही हे चारचौघांना दिसावं म्हणून, त्यांनी मेहुण्याकडे हात केला. मेहुण्याने पिशवी दिली नाही, तेव्हा त्यांनी ती ओढून घेतली. बाजूच्या कप्प्यात नऊ चेंडू निघाले. कोरे करकरीत, आणि प्रत्येकावर तीन हिरवे ठिपके, रेघ मारल्यासारखे सरळ.

एव्हाना बायको काटेसाहेबांना न्यायला गाडी घेऊन आली होती. हल्ली गाडी तीच चालवायची, कारण गाडी लावायला जागा शोधणं काटेसाहेबांना आवडेनासं झालं होतं. त्यांनी मेहुण्याला मागे बसवलं, चेंडूंच्या दोन पिशव्या स्वतःच्या मांडीवर घेतल्या आणि घरापर्यंत समोर बघत राहिले.

घरी जेवणाच्या टेबलावर त्यांनी दोन वाडगे मांडले, एकात सरळ, एकात वाकडे. बायकोला समोर बसवलं. म्हणाले की तुझ्या भावाच्या पिशवीत माझा माल सापडलाय, नऊ नग, अकरा साक्षीदार आहेत. त्याने काय ते तुझ्यासमोर सांगावं. मेहुणा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. बायकोने एक सरळ ठिपक्यांचा चेंडू उचलला, फिरवून बघितला आणि परत ठेवला.

"हे माझे आहेत," ती म्हणाली. "म्हणजे ठिपके माझे. वाकडे आहेत ते तुमचे."

काटेसाहेबांना आधी कळलंच नाही. मग कळलं आणि पटलं नाही. ते म्हणाले की माझा हात असा कधीच चालला नाही, चौतीस वर्षं मी शिक्के मारलेत. बायको उठली, खणातून हिरवं पेन आणलं, एक कोरा चेंडू त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली मारा. त्यांनी मारले. रोजच्यासारखे, दिव्याखाली बसून, सावकाश, श्वास रोखून. चेंडू खाली ठेवला तेव्हा ठिपके त्यांना चांगले सरळ दिसत होते. मग त्यांनी खिडकीशी जाऊन, उन्हात धरून, भिंग लावलं. एक ठिपका वर होता, एक खाली, आणि तिसरा दुसऱ्याच्या अंगावर चढलेला.

भिंग हातात धरून ते खिडकीशी पाठमोरेच राहिले. मागून बायको सांगत होती. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी तुम्ही अकरा चेंडू हरवून आलात. कुठे गेले ते तुम्हाला दिसलंच नव्हतं. आल्यावर काठ्या विकायच्या म्हणालात आणि भिंतीकडे तोंड करून पडलात ते मंगळवारपर्यंत. डोळे दाखवू या म्हटलं तर ताट सारलंत. सहा वेळा म्हटलं, सहा वेळा सारलंत. मग मीच याला म्हटलं की तू पुढे पळत जा आणि चेंडू सापडत जाऊ दे. कुठेही पडो, तळ्यात पडो, झाडीत पडो, गवतावर सापडत जाऊ दे. चेंडूवर खूण मी करून देते. पँटच्या खिशातून पायाशी कसा सोडायचा ते यानेच शोधून काढलं.

"आणि डॉक्टरीणबाई?" काटेसाहेबांनी विचारलं.

मेहुण्याने सांगितलं की बाईंनी पहिल्याच दिवशी बघितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, मी दिवसातून तीस जणांना दुखणार नाही म्हणून सांगते, त्यात हे एकतिसावे.

मग मात्र काटेसाहेब वळले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि त्यांना ओळखणाऱ्याला तेच जास्त भीतीचं होतं.

"दोन वर्षं," ते म्हणाले. "दोन वर्षं मी लोकांना पकड शिकवली. त्या वकिलाला शिकवली. मुकादमाच्या मुलीला शिकवली. वहीत लिहिलं, आज खांदा कमी वळवला म्हणून चेंडू सरळ गेला. सरळ गेला म्हणे. तळ्यात गेला होता तो. माझ्या घरात, माझ्या दिव्याखाली, माझ्या पेनने खोटे शिक्के मारले जात होते, आणि मी शेजारच्या खोलीत पेल्यात चेंडू घालत होतो. मामाला मी सोडला नाही. तुम्ही मला वेडा ठरवलंत."

"वेडा कोणी ठरवला नाही," बायको म्हणाली. तिलाही आता राग आला होता आणि तो आजचा नव्हता. "तुमच्यासाठी केलं असंही समजू नका. माझ्यासाठी केलं. तुम्ही शनिवारी हरून यायचात आणि रविवार, सोमवार, मंगळवार मी भोगायची. मला घरात माणूस हवा होता. खोटं माप देऊन मिळाला, तर मी ते दिलं. करा जप्त."

काटेसाहेबांनी जप्त काही केलं नाही. ते बोळकंडीत गेले, सतरंजी गुंडाळली आणि पेला स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

तो आठवडा त्या घरात फक्त भांडी बोलली. एवढं मात्र झालं की मंगळवारी काटेसाहेब स्वतः, कोणाला न सांगता, चालत डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. शंभर पावलांपलीकडचं तुम्हाला किती दिवस दिसत नाही, असं डॉक्टरने विचारलं. काटेसाहेब म्हणाले की शंभर पावलांपलीकडचं कोणालाच दिसत नाही. डॉक्टरने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि कागदावर ऑपरेशनची, पाच आठवड्यांनंतरची तारीख लिहून दिली.

बुधवारी ते मैदानाच्या सेक्रेटरीकडे गेले. अर्ज सोबत होता. माझा सतराचा आकडा खोटा आहे, तो रद्द व्हावा. सेक्रेटरी अजून पिशव्यांच्या झडतीच्या तक्रारी निस्तरत होता. त्याने अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाला की तीन फेऱ्यांची खरी कार्डं आणून द्या, त्यावरून नवा आकडा ठरवू. पण खोटी कार्डं कोणी केली त्याचं नाव इथे लिहावं लागेल, मग त्याचं सभासदत्व जाईल. काटेसाहेबांनी पेन उघडलं. आयुष्यात त्यांनी रिकाम्या रकान्याचा कागद कधी स्वीकारला नव्हता, कितीतरी दुकानदारांना त्यासाठी परत पाठवलं होतं. पेन धरून ते बराच वेळ बसले, मनातल्या मनात मेहुण्याला, बाईंना आणि बायकोला ओळीने शिव्या दिल्या. मग पेनला टोपण घातलं, रकाना तसाच ठेवला आणि उठून आले. तो रिकामा सोडल्याचा राग त्यांना सगळ्यांत जास्त आला.

शनिवारी ते मैदानावर हजर झाले. डोळ्यांच्या डॉक्टरने पाच आठवडे थांबा म्हटलं होतं, पण काटेसाहेबांना आपला खरा आकडा आजचा आज हवा होता. मेहुणा आणि बाई खाली मान घालून उभे होते. काटेसाहेबांनी दोघांना अटी सांगितल्या. माझा चेंडू कोणी शोधायचा नाही. कुठे गेला ते सांगायचं नाही. हूं की चूं करायचं नाही. हरवलेला चेंडू शोधायला नियमाने तीन मिनिटं मिळतात, ती घड्याळ लावून मोजायची आणि संपली की सांगायचं. मेहुण्याने खिसे उलटे करून दाखवावेत. मेहुण्याने दाखवले.

मग जे झालं ते बघवत नव्हतं. पहिल्या होलला दोन चेंडू गेले. दुसऱ्याला एक, तिसऱ्याला आणखी दोन. काटेसाहेब फटका मारत, चेंडू हवेत विरघळून जाई, आणि ते आपल्या अंदाजाने गवतात शिरून काठीने गवत दोन्हीकडे सारत फिरत. पाठीमागे दोघं खांबासारखे उभे. मुकादम लांबून टोपी काढून बघत होता. दर तीन मिनिटांनी मेहुणा खालच्या आवाजात "संपली" म्हणे, आणि साठी उलटलेला माणूस जिथून मारलं तिथपर्यंत परत चालत येई, कारण हरवलेल्या चेंडूचा दंड एक फटका आणि मारायचं पुन्हा पहिल्याच जागेवरून. पाचव्या होलपर्यंत त्यांचे सात चेंडू गेले होते. प्रत्येक फटका ते मोठ्याने मोजत होते, समोर पंच बसल्यासारखे. सतरा गेलेच होते. चोवीसही गेले. आपला आकडा तिशीच्याही पुढे कुठेतरी आहे, हे त्यांना कळून चुकलं होतं.

सहाव्या होलला त्यांनी मारला तो फटका वेगळा होता. तो हातालाच कळला. काठी चेंडूला लागल्याचं जाणवलं नाही, नुसता आवाज आला, कोरडा, भरीव. क्षणभर त्यांनी दोघांकडे बघितलं. बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. मेहुणा जमिनीकडे बघत होता. अट अट होती.

काटेसाहेब निघाले. त्यांना वाटलं उजवीकडे गेला असणार, त्यांचे चेंडू उजवीकडेच जात. उजवीकडच्या उंच गवतात ते शिरले, जिथे त्यांचा चांगल्यातला चांगला चेंडू आजवर पडत आला होता त्या अंतरावर. तिथे पुढे-मागे, झुडपांच्या बुडाशी, वाकून, गुडघ्यांवर बसून त्यांनी शोधलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. घाम डोळ्यांत उतरत होता. त्यांनी पुढे चाळीस पावलं जाऊन मैदानाच्या मधोमध बघितलंच नाही. आपला चेंडू तिथवर जाईल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

"संपली," मेहुणा म्हणाला.

काटेसाहेब गवतातून बाहेर आले. गुडघ्यांना माती लागली होती. कधी नव्हे ते त्यांनी विचारलं, "होता कुठे?"

बाईंनी हात करून दाखवलं. काटेसाहेब चालत गेले. कापलेल्या गवतावर, बरोबर मधोमध, चेंडू बसला होता, जणू कोणी हाताने ठेवलाय. त्यांनी तो उचलून डोळ्यांजवळ नेला. ठिपके वाकडे होते. मग त्यांनी मागे वळून, सवयीने, पावलं मोजत पहिल्या जागेपर्यंत अंतर मोजलं. जन्मात त्यांनी एवढा लांब मारला नव्हता. तीन मिनिटं संपली होती, म्हणून नियमाने तो हरवलेला होता.

"तुम्ही दोघं बघत होतात," ते म्हणाले. "मी तिथे जनावरासारखा गवतात लोळत होतो आणि तुम्ही बघत होतात."

"तुम्हीच बोलू नका म्हणालात, भावोजी."

"नियमाच्या पुस्तकात तसं काही नाही," बाई म्हणाल्या. त्याही तापल्या होत्या. "चेंडू कुठे गेला ते कोणीही सांगावं, कोणीही शोधावा, सगळं नियमात बसतं. आधी आम्ही खोटं बोलत होतो, ती चूक आमची. आज मुकं राहायला लावलंत, ती तुमची. खरं सांगायला आम्हाला कोणी कधी सांगितलंच नाही."

पुस्तक काटेसाहेबांना पाठ होतं. बाई म्हणतात ते बाराव्या पानावर आहे हेही त्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते जास्त चिडले. त्यांनी नवा चेंडू काढला, जमिनीत खुंटी रोवली, तिच्यावर चेंडू ठेवला. पहिला फटका मारलेला, दुसरा दंडाचा, हा तिसरा.

"आता बोलायचं," ते चेंडूकडे बघतच म्हणाले. "पण जिथे गेला तिथेच गेला म्हणायचं."

त्यांनी मारला. आवाज चिरका आला. चेंडू वर गेला, पांढरा, छोटा, मग धुक्यात शिरल्यासारखा पुसला गेला. काटेसाहेब तोंड वर करून उभे राहिले. पाठीमागे बराच वेळ काही ऐकू येईना. दोन वर्षांची सवय एका सकाळीत मोडायची म्हणजे मेहुण्यालाही जड जात असणार.

"झाडीत गेला," मेहुणा शेवटी म्हणाला. "उजवीकडे, खूप आत. मिळायचा नाही, भावोजी."

काटेसाहेबांनी त्याच्याकडे वळून बघितलं. त्यांना मेहुण्याचा चेहरा दिसत होता, तेवढ्या अंतरावरचं दिसत होतं.

"हे एवढंच सांगायचं होतंस रे तू मला," ते म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी."

मग चौथा दंडाचा म्हणून मोठ्याने मोजला, आणि पाचव्यासाठी पुन्हा चेंडू ठेवला.